दोन साप, दोन पेट्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाळीव सापांवरचा लेख वाचला. सापाकडे भीतीऐवजी कुतूहलाने पाहायला शिकवणारा मजकूर वर्तमानपत्रात क्वचितच येतो, म्हणून लेखकाचे मी प्रथम मनापासून आभार मानते. मात्र लेखासोबतच्या छायाचित्रात एकाच काचपेटीत, एकाच ओंडक्याखाली, एकमेकांवर वेटोळी टाकून पडलेले दोन साप दिसतात आणि त्याखाली ‘जिवाभावाची जोडी’ अशी ओळ छापली आहे. हे छायाचित्र पाहून एखाद्या घरात एकटा असलेल्या सापाला सोबत म्हणून दुसरा साप आणला जाईल आणि तो त्याच पेटीत सोडला जाईल, या काळजीपोटी हे पत्र लिहीत आहे. मी गेली चौदा वर्षे साप पाळते आहे आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. (येथे मी कायद्याने पाळता येणाऱ्या, बंदिस्त पैदाशीच्या बिनविषारी सापांबद्दलच लिहीत आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते.)

त्या छायाचित्रात नेमके काय दिसते, ते आधी पाहू. आपल्या शरीराचे तापमान सापाला बाहेरच्या उबेवरच राखावे लागते. म्हणून कॉर्न स्नेकसारख्या, मूळच्या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाच्या पेटीत एका टोकाला सुमारे ३० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २४ अंश अशी रचना ठेवतात. साप खाल्ल्यावर उबेला जाऊन पडतो, पचन पुढे सरकले की गार बाजूला येतो, आणि दिवसभरातली ही ये-जा हीच त्याची प्रकृती सांभाळण्याची रीत असते. आता अशा पेटीत दोन साप ठेवले, की उबेची जागा एक आणि तिचे दावेदार दोन होतात. अंधारी, अंगाला सर्व बाजूंनी टेकणारी लपण्याची जागाही बहुधा एकच चांगली असते. दोघांनाही तीच हवी असते, म्हणून दोघेही तिथेच शिरतात आणि एकावर एक पडून राहतात. माणसाला ती मिठी वाटते, कारण माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याजवळ जातो. सापाच्या बाबतीत इतकेच खात्रीने म्हणता येते, की ती जागा दोघांनाही सोडवत नाही.

येथे अडचण अशी, की साप आपले हाल दाखवत नाही. कुत्रा गुरगुरतो, मांजर कान पाडते, पोपट पिसे उपटतो. सापाला पापण्या नसल्यामुळे तो झोपला आहे की टक्क जागा आहे, हेसुद्धा चेहऱ्यावरून कळत नाही. दोन साप एका पेटीत असले तर त्यांच्यात बहुधा भांडण होत नाही, फुत्कार नाही की चावाचावी नाही. जो थोरला किंवा अंगाने भारी असतो तो उबेत पडून राहतो आणि दुसरा गार कोपऱ्यात सरकतो, नाहीतर वरच्या थरात अर्धवट ऊब घेत राहतो. महिनोन्महिने सगळे शांत दिसते आणि त्या शांततेलाच आपण मैत्री म्हणतो.

माझ्याकडे एकाच वेळच्या अंड्यांतून निघालेली कॉर्न स्नेकची दोन पिल्ले आली, तेव्हा एकाचे वजन ८ ग्रॅम आणि दुसऱ्याचे ७ ग्रॅम होते. सख्खी भावंडे, एकाच आकाराची, तेव्हा एकत्र राहायला काय हरकत आहे, असे मला वाटले. ज्यांच्याकडून घेतली त्यांनीही तसेच सांगितले होते. सहा महिन्यांनी मी दोघांना पहिल्यांदा नीट काट्यावर ठेवले, तेव्हा एक ४१ ग्रॅम भरले आणि दुसरे १९. तोवर धाकटे नाजूक प्रकृतीचे आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. ते खात असे, पण एक आड एक वेळा सोडून देत असे. कात टाकली की ती सलग न येता तुकड्यातुकड्यांनी निघत असे. दोनदा त्याने खाल्लेले चौथ्या दिवशी बाहेर टाकले होते. ही तिन्ही लक्षणे पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून मी त्यांची उत्तरेही वेगवेगळी शोधत राहिले. ओलावा वाढवून पाहिला, भक्ष्याचा आकार बदलून पाहिला, पेटीची जागा हलवली. उबेच्या जागेवर रोज थोरलेच पिल्लू झोपलेले असते, हे डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते.

त्यानंतर आठवड्याभरातच जो प्रसंग घडला, तो मी विसरू शकत नाही. गोठवलेली उंदराची दोन पिल्ले कोमट करून चिमट्याने पेटीच्या दोन टोकांना दिली होती. थोरल्याने आपले गिळले आणि हवेत जीभ काढत ते धाकट्याच्या बाजूला आले. धाकट्याने उंदराचे डोके अर्धे गिळले होते. थोरल्याने शेपटीकडून सुरुवात केली. सापाचे दात मागे वळलेले असतात आणि गिळताना जबड्याची डावी बाजू, मग उजवी बाजू अशी आळीपाळीने पुढे सरकते. एकदा हे सुरू झाले, की पुढे आलेली वस्तू आत ओढत जाणे एवढेच होत राहते. तीन-चार मिनिटांत उंदीर दिसेनासा झाला आणि दोन तोंडे एकमेकांना भिडली, मग थोरल्याचा वरचा जबडा धाकट्याच्या नाकावरून हळूच पुढे सरकला. मी दोघांना तसेच उचलून नळाच्या बारीक धारेखाली धरले. ओढले असते तर दात खोल रुतले असते, म्हणून हात न हलवता नुसती वाट पाहिली. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. थोरल्याने अखेर सोडले. धाकट्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना रक्ताच्या बारीक ठिपक्यांची एकेक रांग उमटली होती, सुईने टोचावी तशी. मी त्या वेळी खोलीत नसते, तर पेटीत एकच साप उरला असता, आणि कदाचित तोही नाही, कारण आपल्याएवढा साप गिळणाऱ्याचाही त्यात जीव जाऊ शकतो.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे खाऊ घालण्यापुरते दोघांना वेगळे करावे. मला हा उपाय अपुरा वाटतो. भक्ष्याचा वास सापाच्या तोंडाला आणि अंगाला लागलेला असतो, आणि साप जग ओळखतो ते मुख्यतः वासाने. जिभेने टिपलेले गंधकण तो तोंडाच्या छतातील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवतो आणि समोर काय आहे ते ठरवतो. खाल्ल्यानंतर काही तास तो भक्ष्याच्याच तयारीत असतो. अशा वेळी उंदराचा वास येणारा दुसरा साप शेजारी आणून सोडणे धोक्याचे आहे. शिवाय पोट भरलेल्या सापाला लगेच हाताळले तर तो खाल्लेले बाहेर टाकतो, आणि तसे वारंवार झाले तर त्याची प्रकृती ढासळते. म्हणजे या उपायाने गिळण्याच्या वेळचा धोका थोडा कमी होतो, पण ऊब, लपण, पाणी आणि सततचा परका वास यांपैकी काहीच बदलत नाही.

वेगवेगळ्या जातींचे साप एकत्र ठेवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज वाटत नाही. किंग स्नेक या अमेरिकेतल्याच बिनविषारी सापाच्या नैसर्गिक आहारातच इतर साप येतात, अगदी विषारी सापसुद्धा. त्याच्यासोबत कॉर्न स्नेक ठेवणे म्हणजे भक्ष्य आणि भक्षक एका खोलीत कोंडणे, आणि किंग स्नेकसोबत दुसरा किंग स्नेक ठेवला तरी परिस्थिती फारशी सुधारत नाही.

रोगांचा मुद्दा मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण त्याची कल्पना नव्या सर्पपालकांना बहुधा कोणी देत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी सापाच्या जठराच्या अस्तरात वाढतो. साप खाल्लेले पुन्हा पुन्हा बाहेर टाकतो, वजन घटत जाते, अंगाच्या मधल्या भागात फुगवटा दिसू लागतो. यावर भरवशाचा इलाज नाही, आणि हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा नेहमीच्या जंतुनाशकांना, ब्लीचलासुद्धा, दाद देत नाही. बोआ (अजगरासारखेच भक्ष्याला आवळून मारणारे साप) आणि अजगरांमध्ये आढळणारा इन्क्लुजन बॉडी डिसीज हा आजार तर आणखी फसवा आहे. त्यामागचे विषाणू २०१२ मध्ये ओळखले गेले. बोआ दीर्घकाळ वरून ठणठणीत दिसत असतानाही हा संसर्ग बाळगून असू शकतो, तर अजगरात तो मज्जासंस्थेवर वेगाने घाला घालू शकतो. बोआ आणि अजगर एका पेटीत ठेवणाऱ्या पालकाला आपण काय करतो आहोत याची कल्पनाही नसते. रक्त पिणारे बारीक माइट्स तर शेजारच्या पेटीतूनही येतात. एकाच पेटीत त्यांना वाट शोधावीच लागत नाही. म्हणूनच नवा साप घरी आला, की त्याला किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने आणि वेगळ्या पाणीभांड्याने सांभाळावे, असा जाणत्या पालकांचा दंडक आहे. ज्यांच्या घरी हे विलगीकरण पाळले जाते, त्यांच्याकडे दुसरी पेटी मुळातच आलेली असते, हेही लक्षात घ्यावे.

याच संदर्भात एक साधी व्यावहारिक गोष्ट सांगते. पेटीत एक साप असेल आणि सकाळी तळाशी बाहेर टाकलेले भक्ष्य दिसले, तर ते कोणाचे हा प्रश्न पडत नाही. दोन असतील तर पडतो. विष्ठा पातळ झाली, तर कोणाची? पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यायले गेले, तर कोणी प्यायले? सापाच्या आजाराची सुरुवातीची चिन्हे अशीच असतात, आणि पशुवैद्य पहिला प्रश्न याबद्दलच विचारतात. मी सहा महिने धाकट्याच्या आजाराचा माग काढत होते, तेव्हा माझ्या वहीतल्या निम्म्या नोंदी ‘बहुधा’ या शब्दाने सुरू होत होत्या.

नर आणि मादी यांचा प्रश्न आणखी वेगळा. पिल्लांचे लिंग ओळखणे सरावाचे काम आहे आणि विकणाऱ्याचीही त्यात चूक होते. दोन माद्या म्हणून आणलेल्यांतला एक नर निघाला, तर अजून पूर्ण न वाढलेल्या मादीला गर्भ राहू शकतो. अंडी घडवताना तिच्या अंगातला साठा खर्च होतो आणि अंडे अडकले तर तिच्या जिवावर बेतते. मादी नराचे वीर्य काही महिने शरीरात साठवू शकते, त्यामुळे नंतर वेगळे केले म्हणजे धोका टळलाच असेही नाही. दोन नर असतील तर हंगामात त्यांच्यात झुंज लागू शकते. ऑस्ट्रेलियातील कार्पेट पायथन या अजगराच्या काही नरांची झुंज नुसत्या रेटारेटीवर न थांबता खोल चाव्यांपर्यंत जाते. पैदास करणारे अनुभवी लोकसुद्धा नर-मादीला ठरावीक दिवसांपुरतेच एकत्र आणतात, डोळ्यांदेखत ठेवतात आणि पुन्हा आपापल्या जागी नेतात.

आता ज्या युक्तिवादाचा मी आदर करते, त्याकडे वळते. साप समूहात राहतच नाहीत, असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे चुनखडीच्या कपारींत गार्टर स्नेक नावाचे हजारो लहान साप हिवाळा एकत्र काढतात. टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापाच्या माद्या, जन्मापासून वेगळ्या वाढवल्या तरीही, परक्या मादीपेक्षा सख्ख्या बहिणीच्या अधिक जवळ पडून राहतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. २०२० मध्ये कॅनडातील विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या संशोधकांनी गार्टर स्नेकच्या पिल्लांमध्ये ठरावीक सोबत्यांची निवड दिसते, असे दाखवून दिले. हे सारे वाचताना मला अतिशय आनंद झाला होता, कारण सापाला आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक कळते, असे मला नेहमीच वाटत आले आहे.

परंतु या निष्कर्षांवरून आपल्या पेटीबद्दल काय ठरते? नार्सिसच्या कपारीत साप हिवाळ्यात खात नाहीत, म्हणून भक्ष्यावरून तंटा होत नाही; थंडीपासून वाचवणारी जागा तेवढीच असते म्हणून ते एकत्र येतात, आणि वसंतातले मीलन उरकले, की कित्येक किलोमीटर दूर आपापल्या दलदलींकडे निघून जातात. निवड झाली ती जवळ येण्याची आणि निघून जाण्याचीही. काचेच्या पेटीत निघून जाण्याची निवड शिल्लक राहत नाही, आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ येथे आहे. गार्टर स्नेकचा अपवाद मी मान्य करते. एकाच आकाराच्या माद्या, ऐसपैस पेटी, प्रत्येकीसाठी स्वतंत्र लपण आणि ऊब, प्रत्येक वेळी वेगवेगळे खाणे आणि दर पंधरवड्याला वजन, एवढे सगळे करण्याची तयारी असलेल्या अनुभवी व्यक्तीने त्या एकत्र ठेवल्या तर मी आक्षेप घेणार नाही. पण घरोघरी पाळले जातात ते मुख्यतः कॉर्न स्नेक, बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) आणि किंग स्नेक. गार्टर स्नेकवरचे निष्कर्ष त्यांना लावणे योग्य नाही.

‘पण तो एकटा आहे, त्याला कंटाळा येत असेल’ असे मुले म्हणतात, तेव्हा त्यांच्या मायेला नाही म्हणणे मला जड जाते. त्यांना मी पेटीतच बदल करायला सांगते. चढायला फांदी द्या, खाली खोदता येईल असा भुसा घाला, एखाद्या दिवशी वाळक्या पानांचा नवा थर टाका आणि साप जीभ काढत तासभर तो कसा हुंगत फिरतो ते पाहा. सापाचे कुतूहल जागे करायला इतके पुरते.

जागेची आणि खर्चाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण एकाच पेटीत मधोमध फळी घालून दोन भाग करणे हा तिच्यावरचा तोडगा नव्हे. जिथून डोके शिरते तिथून सापाचे बाकीचे अंगही जाते, आणि फळी पक्की बसली तरी उबेचा एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पट्टा दोघांत अर्धा-अर्धा कापला जातो. दोन पुरेशा पेट्या परवडत नसतील, तर एकच साप पाळावा. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे सहज जगतो, बॉल पायथन त्याहून अधिक. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातील बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, अंदाजे ६२ वर्षांची असताना, सात अंडी घातली होती. एवढ्या दीर्घ आयुष्याची जबाबदारी घेताना दुसरी पेटी हा सर्वांत मोठा खर्च नसतो.

ज्यांच्याकडे आज दोन साप एकत्र आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण वेळही काढू नये. दोघांची वजने आजच लिहून ठेवावीत. जो दबलेला वाटतो त्याला शक्य तर ओळखीच्या पेटीतच राहू द्यावे आणि बलवान सापाला नव्या पेटीत हलवावे. दोन्हीकडे उबेला एक आणि गार बाजूला एक अशी दोन लपणे ठेवावीत, पेटीतली ऊब ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट तपासावा आणि आठवडाभर कोणालाही हातात घेऊ नये. त्यानंतर नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे.

माझ्या धाकट्याने वेगळे केल्यानंतर आठव्या दिवशी चिमट्यातून उंदीर घेतला आणि तो घेऊन सरळ उबेच्या लपणात गेला. त्या दिवसापासून त्याने खाल्लेले एकदाही बाहेर टाकले नाही. दीड वर्षात दोघांच्या वजनात चार ग्रॅमचा फरक उरला होता. आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात थोडी जागा शिल्लक असेल, तर त्या छायाचित्राखालची ओळ बदलून छापावी आणि हे साप वेगवेगळ्या पेट्यांत ठेवायला हवेत एवढे तिथे नमूद करावे, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक सर्पपालक वाचक